परतीचं चित्र

१

आमच्या राष्ट्रीय वाहिनीचा दिवस राष्ट्रगीताने सुरू होतो आणि राष्ट्रगीतानेच संपतो. मधलं सगळं मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. बातम्या, सकाळच्या गप्पा, वाढदिवसाच्या शुभेच्छा, स्वयंपाक, दुपारच्या बातम्या, तुर्की सिरीयल, मुलांच्या बाहुल्या, संध्याकाळी तीन तारांचं कोमूझ वाजवणारा एखादा म्हातारा, पुन्हा बातम्या. बिश्केकमधल्या त्या जुन्या दगडी इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत बसून हे सगळं एकापाठोपाठ एक हवेत सोडायचं, हे माझं काम होतं. लोकांना वाटतं, टीव्हीत काम करणारी बाई रोज नटूनथटून जात असणार. मी सगळी नोकरी लोकरीच्या मोज्यांत आणि फाटक्या सपातांत काढली.

त्या गुरुवारी पहाटे मी घराबाहेर पडले तेव्हा माझा मुलगा तिलेक अंगणात ट्रकचं इंजिन गरम करत होता. पिठाची पोती घेऊन तो घाटापलीकडे, दक्षिणेला निघाला होता. भर हिवाळ्यात घाट चढायची ही त्याची पहिलीच खेप. मला तो एकच. नवरा कामाला म्हणून रशियात गेला आणि तिकडचाच झाला. त्याला इतकी वर्षं झाली की आता त्याच्यावर रागवायचासुद्धा कंटाळा येतो. तिलेकवर मात्र मी रोज रागवायची. त्या दिवशी निमित्त होतं ट्रकच्या दिव्यांचं. एक दिवा फुटला होता, तर याने बाजारात मिळेल तो आणून बसवला. आता एक दिवा पांढरा आणि एक पिवळा.

मी म्हटलं, "दोन डोळे दोन रंगांचे. असलं ध्यान रस्त्यावर न्यायला लाज नाही वाटत?"

"शेजारच्या मांजराचे तसेच आहेत, आपा. त्याचं तर कौतुक करतेस."

"मांजर घाट चढत नाही."

तो हसला. अंगात त्याच्या मामाचा मेंढीच्या कातड्याचा कोट होता, मापापेक्षा मोठा. पाठीवर तो फाटला होता तिथे मीच काळ्या कातड्याचं ठिगळ लावून दिलं होतं. मी त्याची वरची गुंडी लावली, त्याने ती माझ्यादेखत काढली. घाट उतरलो की फोन करीन म्हणाला. वर फोन लागत नाही, तोवर उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस, असंही म्हणाला. मला बसायला वेळ कुठे आहे, असं म्हणून मी बस पकडायला धावले.

२

आमच्या कंट्रोल रूममध्ये समोरच्या भिंतीवर दोन मोठे पडदे होते. डावीकडच्या पडद्यावर आम्ही पाठवतो ते चित्र. उजवीकडच्यावर तेच चित्र, पण टॉवरवर जाऊन, हवेत सुटून, ॲन्टेनातून परत आलेलं. म्हणजे घराघरांत लोक बघत असतात ते. त्याला आम्ही परतीचं चित्र म्हणायचो. दोन्हींत पापणी लवण्याइतक्या वेळाचा फरक असतो. नव्या माणसाला त्याने चक्कर येते, जुन्याला तो दिसत नाही.

सकाळच्या बातम्या गेल्या, गप्पा गेल्या. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. नारिनकडच्या एका आजीला ऐंशी पूर्ण झाली होती. नातवंडांनी फोटो पाठवला होता, सगळ्यांचे कान आजीचे. त्यांनी मागितलेलं गाणं मी सोडलं आणि सवयीने उजवीकडे बघितलं.

तिथे आजी नव्हती. तिथे तळं होतं, पहाटेचं, वाफाळणारं. आणि गाण्याऐवजी नुसत्या कोमूझच्या तारा.

हे तळं मी ओळखत होते. देशात मोठी दुर्घटना होते, शोकाचा दिवस जाहीर होतो, तेव्हा गाणी, सिरीयल, जाहिराती सगळं बंद करायचं असतं. मग रिकाम्या जागा भरायला डोंगर, पाणी, बर्फ आणि शब्दांशिवाय कोमूझ. ती शोकाची फीत मीच जोडून ठेवली होती. आधी तळं, मग पॉपलरच्या झाडांची रांग, मग मेंढपाळाच्या तंबूवरचा धूर, मग घाटातला बर्फाचा रस्ता. एकाही चित्रात माणूस नाही. मुद्दामच मी तो येऊ दिला नव्हता. आपल्या घरात कुणी गेलेलं असताना दुसऱ्याचा चेहरा बघवत नाही, असं मला वाटतं.

चुकून ती फीत सुटली असं वाटून मी झटकन मान वळवली. पण डावीकडे आजी होती आणि गाणं चालू होतं. मी टेबलावरच्या फोनवरून घराशेजारच्या झुउराला विचारलं, टीव्हीवर काय चाललंय. ती म्हणाली, "ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, आणि नातवंडांचे कान बघितलेस का?" मी फोन ठेवला. म्हणजे देशभर सगळं ठीक होतं, बिघाड फक्त आमच्या खोलीतल्या पडद्यात होता. ॲन्टेना, वायर, काहीही असू शकतं.

मी दोक्तुरबेकला बोलावलं. त्याच्या आईला मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता, म्हणून तिने नावच तसं ठेवलं. निघाला वायरमन. एरवी हा माणूस दारातूनच माझी टर उडवत यायचा. त्या दिवशी तो मुकाट्याने आत आला आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

"एजे, चहा घेतलात का?"

एजे, म्हणजे ताई, असं तो मला नेहमीच म्हणायचा, पण दहा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. माझाच चहा पिऊन टाकायचा तो. मी उजवीकडे बोट दाखवलं. त्याने मान वर करून बघितलं, मागे जाऊन दोन वायरी हलवल्या आणि म्हणाला, "ठीक तर आहे." त्याने बघितलं तेव्हा पडद्यावर पॉपलरची रांग होती, हे मी शपथेवर सांगते. जाताना त्याने दार इतकं हळू ओढलं की आवाजच आला नाही.

३

स्वयंपाकाच्या कार्यक्रमापर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. दोक्तुरबेकला घरी काही त्रास असेल. पडदा बिघडला असेल आणि बिघडला हे कबूल करायला त्याला लाज वाटत असेल. डावीकडे आमची नेहमीची गुबगुबीत बाई भोपळ्याच्या सारणाचे मान्ती भरत होती आणि नेहमीसारखी स्वतःच्याच विनोदांना हसत होती. मी उजवीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. न बघता किती वेळ बसणार?

उजवीकडे घाटातला रस्ता होता. त्या चित्रात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आहेत, मधून रस्ता वर जातो आणि वळणाला संपतो. ते मी किती वेळा बघितलंय याला गणती नाही. त्या वळणावर एक ट्रक उभा होता.

निळा ट्रक. दिवे लावलेले. एक पांढरा, एक पिवळा.

मी उठून पडद्याला नाक लावलं. जवळून बघितलं की नुसते ठिपके दिसतात, दुसरं काही नाही. मागे सरकले की पुन्हा ट्रक. शोकाची फीत जुनी आहे, ती घेतली तेव्हा तिलेक शाळेत होता. रस्त्यावर निळे ट्रक शेकड्यांनी आहेत. फुटका दिवा बाजारात मिळेल त्या दिव्याने बदलणारं गाढव माझ्याच घरी जन्मलं असं थोडंच आहे? असं मी स्वतःशी मोठ्याने बोलले. आणि तेवढ्यात मला तळणाचा वास आला.

तापलेल्या तेलाचा, कणकेचा वास. आमच्यात गेलेल्या माणसांसाठी गुरुवारी तेल तापवून पोळ्या तळतात. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त वास, असं म्हणतात. डावीकडची बाई मान्ती वाफवत होती, तेलाचा संबंधच नव्हता. खालच्या कॅन्टीनच्या बायका गुरुवारी तळतात, हे मला माहीत होतं. वास तिथूनच आला असणार. पण कॅन्टीन तीन मजले खाली होतं आणि आमच्या खोलीला खिडकी नव्हती.

पुन्हा बघितलं तेव्हा ट्रकच्या बाजूला एक माणूस उभा होता. माझ्याकडे पाठ करून तो उताराकडे बघत होता. कोट त्याच्या मापापेक्षा मोठा होता. पाठीवर काळं ठिगळ होतं.

४

मी बातम्यांच्या खोलीत धावत गेले आणि घाटाची काय खबर आहे ते विचारलं. तिथल्या माणसाने दोनदा तपासून सांगितलं की घाट उघडा आहे, हिमकडा कोसळल्याचं, अपघाताचं काही नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण माझ्या डोळ्यांत बघितलंही नाही. टेबलाशी तीन-चार जण होते. मी आत आल्यावर सगळे बोलायचे थांबले होते, हे मला बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

दुपारच्या बातम्या लागल्या. उलकान ही आमची बातम्या देणारी. मेकअपच्या खुर्चीत बसली की तिच्या तोंडाला खळ नसतो, कुणाचा नवरा, कुणाची सून. कॅमेऱ्यासमोर मात्र एकदम सरळ. डावीकडे ती पेट्रोलच्या भावांविषयी बोलत होती. उजवीकडेही उलकानच होती, तोच कोट, तीच पिन. पण तिचं तोंड बंद होतं. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली होती. कागद समोर होते, ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती बाहेर बघत होती, वाट बघणारं माणूस बघतं तशी. खाली कोमूझ वाजत होतं.

तेव्हा मला कळलं.

आमच्यात मरणाची बातमी कुणी तोंडाने सांगत नाही. मोठी माणसं येतात, बसतात, चहा पितात. हवापाणी बोलतात, घोड्यांचं, झाडांचं, पाखरांचं बोलतात. गोल गोल फिरत जवळ येतात आणि थांबतात. मग ज्याचं माणूस गेलं त्यानेच विचारायचं. त्याच्या तोंडून नाव निघालं की मगच सगळे हंबरडा फोडतात. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. चुलते आले आणि एका घोड्याविषयी बोलत बसले, तो कसा रिकाम्या खोगिराने परत आला. मी विचारलं, "बाबा गेले का?" आजही मला वाटतं, मी तेव्हा विचारलं नसतं तर ते आणखी थोडे दिवस जिवंत राहिले असते. लहान मुलीचा खुळा विचार. पण तो कधी गेला नाही.

आता कार्यक्रमामागून कार्यक्रम तेच करत होता. आजी, स्वयंपाकवाली, उलकान, सगळे माझ्याभोवती गोल फिरत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. दोक्तुरबेक, बातम्यांवाला, तेसुद्धा. मी नाव काढीन याची ते वाट बघत होते.

मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही.

५

डोकं ठिकाणावर असलेल्या बाईने असं काही ठरवू नये, हे मला कळत होतं. मी रात्रीची अपुरी झोप, रक्तदाब, सगळं आठवून बघितलं. आमच्या खात्यातली एक बाई याच खोलीत एकटी बसून बसून भिंतीशी बोलायला लागली होती, तिला शेवटी घरी बसवलं. पण एक वेडा विचार एकदा मनात शिरला की शहाण्या विचारांचं काही चालत नाही. नाव काढलं नाही तर काय बिघडणार होतं? काहीच नाही. काढलं आणि खरं झालं तर? मी ओठ मिटून बसले.

तुर्की सिरीयल गेली. उजवीकडे तो माणूस तसाच उभा. मुलांच्या बाहुल्या गेल्या. डावीकडे कोल्हा आणि अस्वल भांडत होते, उजवीकडे ते दोघे शेजारी शेजारी बसले होते, पुढे तोंड करून, आणि त्यांना हलवणारे हात कुठे दिसत नव्हते. मग पुन्हा रस्ता. दर वेळी मला वाटायचं की तो आता वळेल. वळला की चेहरा दिसेल, आणि चेहरा दिसला की मग विचारायला काही उरणारच नाही. मी मनात त्याला विनवत होते, वळू नकोस रे. तसाच उभा राहा. थंडी वाजत असेल तर वाजू दे.

माझा मोबाईल दाराबाहेरच्या लाकडी पेटीत होता. एकदा कुणाच्या तरी फोनची रिंग थेट बातम्यांत वाजली होती, तेव्हापासून सगळ्यांचे फोन बाहेरच ठेवायचा नियम झाला. दोन पावलांवर ती पेटी. उठून बघायची माझी हिंमत झाली नाही. त्याने फोन केलेला नसला तर?

दार उघडलं. उलकान होती. तोंडाला खळ नसलेल्या त्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "एजे, गावाहून तुमची माणसं आली आहेत. मेकअप रूममध्ये बसवलंय. इथलं मी बघते."

६

मेकअप रूममध्ये आरशांभोवतीचे सगळे दिवे लागलेले होते. त्या झगमगाटात तिघं जण खुर्च्यांवर अवघडून बसली होती. माझे चुलते असानाकुन-आके, मांडीवर आपली लोकरी टोपी, कल्पाक, ठेवून. माझी थोरली वहिनी सालकिन जेंगे, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधून. आणि तिचा भाऊ, ज्याने गाडी चालवली होती. कोच्कोरहून शहरात यायला अर्धा दिवस जातो. म्हणजे सकाळीच निघाली होती. म्हणजे सकाळपासून कुणाला तरी माहीत होतं.

माझ्यासमोर चहा ठेवला गेला. तो कुणी ठेवला ते आठवत नाही. आमच्या इमारतीत प्रत्येक खोलीत टीव्ही आहे, मेकअप रूममध्येही भिंतीवर होता, आवाज बंद केलेला. असानाकुन-आकेंच्या बरोबर डोक्यावर. त्यावर रस्ता होता, ट्रक होता आणि पाठ होती.

असानाकुन-आके बोलायला लागले. त्यांनी या वर्षीच्या बर्फाविषयी विचारलं, माझ्या गुडघ्यांविषयी विचारलं. मग म्हणाले, "पोरी, आपल्या दारातला तो पॉपलर तुला आठवतो ना. किती वर्षं त्याने सावली दिली. मी लहान होतो तेव्हाही तो म्हातारा होता. झाडाचंही वय होतं. मुळं सैल होतात, मग वारा लागत नाही, काही लागत नाही. एक दिवस सकाळी बघावं, तर अंगणात ऊन आलेलं असतं."

हे सगळे शब्द माझ्या कानांवर पडत होते. कुणीही शहाणी बाई ते ऐकून समजली असती. मी त्यांच्या डोक्यावरून वर बघत होते. पडद्यावरच्या माणसाने हात खिशातून काढले होते. त्याने कॉलर वर केली. वरची गुंडी उघडी असल्यामुळे वारा आत जात असणार. त्याने मान थोडी वळवली, गालाची कड दिसली, आणि तो पुन्हा उताराकडे बघायला लागला.

असानाकुन-आके थांबले. जेंगे रुमालाचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. आरशांमधून तिघांच्या पाठीही माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. सकाळपासून मी दाबून धरलं होतं. माणूस किती वेळ दाबून धरेल? मला वाटलं, आता हे संपू दे. माझ्या मुलाच्या मरणापेक्षा मला ही वाट बघणं जड झालं होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण त्या क्षणी खरं तेच होतं.

मी म्हटलं, "तिलेक गेला ना?"

कुणी हंबरडा फोडला नाही. असानाकुन-आकेंच्या मांडीवरून कल्पाक खाली पडला. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी कुठल्या परक्या भाषेत बोलले.

जेंगे उठून उभी राहिली. "तोंडात दगड पडो तुझ्या!" ती म्हणाली. "तिलेकचं नाव कुठून काढलंस तू? आई गेली गं तुझी. पहाटे, झोपेत. आईचं सांगायला आलो आम्ही. परत घे ते. थुंक, थुंक आणि परत घे."

मी वर बघितलं. तो वळला होता.

तिलेकच होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुखणं नव्हतं. पाठीमागून कुणी नावाने हाक मारली की माणूस वळून बघतो, काय गं म्हणून, तसा तो बघत होता. त्याला माझं ऐकू आलं होतं. मग चित्र बदललं आणि कोमूझ वाजवणारा म्हातारा दिसायला लागला. रोजचाच कार्यक्रम, वेळेवर लागलेला.

७

मी थुंकले. जेंगेने सांगितलं तसं तीनदा थुंकले, परत घेतलं असं तीनदा म्हटलं. मग मी आईसाठी रडले. मोठ्याने, रीत आहे तशी, भिंतीकडे तोंड करून. आईचं वय झालं होतं, गेल्या हिवाळ्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. जेंगे माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी ढसाढसा रडत होते. पण आतून मी फुलासारखी हलकी झाले होते. आई गेली होती, तिलेक नाही. आईने मला नऊ महिने पोटात वाढवलं आणि तिच्या मरणाच्या दिवशी मला आनंद झाला. देव मला क्षमा करो किंवा न करो.

उलकान, दोक्तुरबेक, बातम्यांवाला, सगळे दारात येऊन डोळे पुसत होते. त्यांना गावाहून सकाळीच फोनने कळवलं होतं, रीतीप्रमाणे त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. म्हणून तो चहा, म्हणून ती खाली घातलेली नजर. सगळ्याचा उलगडा झाला. पडद्याचा तेवढा झाला नाही. पण तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

मी लाकडी पेटीतून फोन काढला. तिलेकचा निरोप आलेला होता. मी त्याचं नाव काढण्याआधीच, बाहुल्यांच्या कार्यक्रमाच्या सुमाराला कधीतरी. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. भांड्यांचा आवाज होता, माणसं बोलत होती, आणि त्यात तो.

"आपा, उतरलो. खाली खानावळीत लागमान खातोय. वर जरा थांबलो होतो, दरीत काय दिसत होतं म्हणून सांगू. तुझं ते दोन डोळ्यांचं ध्यान न कुरकुरता चढलं. आता पुढे निघतो. गुंडी लावली आहे, ओरडू नकोस."

जेंगे रडता रडता हसली. असानाकुन-आकेंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवून देवाचं नाव घेतलं. मला म्हणाले, त्याला आजीचं सांगायला हवं, पण गाडी चालवत असेल, आत्ता नको. घरी आला की मीच सांगीन, असंही म्हणाले. मी म्हटलं, सांगत नाही, नुसता आवाज ऐकते.

मी फोन लावला. वाजला, वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. पलीकडे वारा होता. तिलेक बोलला नाही. एक म्हातारा माणूस बोलला, दक्षिणेकडच्या हेलात, फार हळू.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्याजवळ घरचं कुणी मोठं माणूस बसलंय का?"

मी असानाकुन-आकेंकडे बघितलं. तो या दिवसांतल्या रस्त्यांविषयी बोलला. आज दुपारी कसं स्वच्छ ऊन होतं, त्याविषयी बोलला. मग पिठाविषयी, बर्फावर पीठ सांडलं तर दोन्ही पांढरे ओळखू येत नाहीत, असं काहीतरी. मग तो थांबला. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. फोनमध्ये वारा वाहत होता आणि तो परका म्हातारा, घाई न करता, मी विचारायची वाट बघत होता.

मी दोन्ही ओठ दातांखाली धरले. रक्ताची चव आली तरी सोडले नाहीत. बाकीच्यांनी नंतर काय काय केलं, गावी कुणाला कुठे पुरलं, ते मी आडून ऐकलंय, कुणाला विचारलेलं नाही. इथे कागदावर त्याचं नाव लिहिलं आहे. त्या दिवसानंतर तोंडाने मी ते एकदाही घेतलेलं नाही.